क्वेरी चालते अंदाजावर

एक कोटी ग्राहकांचे एक टेबल आहे असे समजू. त्यात नाव, आडनाव, तालुका, जिल्हा, नोंदणीची तारीख असे कॉलम आहेत आणि आडनावावर इंडेक्स आहे. आता दोन क्वेऱ्या चालवायच्या. पहिली: ‘विद्वांस’ आडनावाचे सगळे ग्राहक दाखव. दुसरी: ‘पाटील’ आडनावाचे सगळे ग्राहक दाखव. दोन्हींत फरक फक्त एका शब्दाचा. तरी पहिल्या क्वेरीला डेटाबेस इंडेक्स वापरतो आणि पापणी लवायच्या आत उत्तर देतो. दुसऱ्या क्वेरीला तो अनेकदा इंडेक्सकडे ढुंकूनही बघत नाही, सगळे टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढतो. नवशिक्याला वाटते, इंडेक्स बिघडला. प्रत्यक्षात दोन्ही वेळा यंत्राचा निर्णय बरोबर असतो.

हिशेब सोपा आहे. डेटाबेस सुट्या ओळी वाचत नाही, पाने वाचतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक पान ८ किलोबाइटचे असते. एक ओळ १०० बाइटची धरली तर एका पानावर साधारण ८० ओळी मावतात, म्हणजे एक कोटी ओळींना सव्वा लाख पाने लागतात. शंभर ग्राहकांत चार पाटील आहेत आणि ते टेबलभर विखुरलेले आहेत असे मानले, तर दर पानावर सरासरी तीन पाटील निघतात. एकही पाटील नसलेली पाने शंभरात चारच. इंडेक्समार्गे गेले काय नि सरळ वाचले काय, जवळजवळ सगळी पाने उघडावी लागणारच. मग इंडेक्सचा वळसा कशाला? विद्वांस मात्र मूठभर, त्यांच्यासाठी मोजकी पाने उघडली की काम झाले.

प्रश्न असा, की एकही ओळ वाचण्याआधी यंत्राला हे कळते कसे? ते अंदाज बांधते. क्वेरी शिकण्यातला सगळ्यात रंजक आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, जॉइन ही भाषा थोड्या दिवसांत हाताशी येते. यंत्राने कोणता अंदाज बांधला आणि तो कुठे चुकला हे वाचायला शिकले, की क्वेरी मंद का झाली हे सांगता येऊ लागते.

या कारभाराची सुरुवात १९७० साली झाली. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा दुव्यांच्या जाळ्यासारखी साठवलेली असे आणि एका नोंदीवरून दुसरीवर कसे जायचे हे प्रोग्रामरला स्वतः लिहावे लागे. साठवण्याची पद्धत बदलली की प्रोग्राम मोडत. एडगर कॉड हा दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला इंग्रज गणिती, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करत होता. जून १९७० मधल्या लेखात त्याने मांडले, की माहिती यंत्रात कशी ठेवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. माहिती टेबलांत ठेवावी, हवे ते मागावे, वाट यंत्राने शोधावी. याच कामासाठी त्याला १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या त्याच्याच कंपनीतल्या दोघांनी १९७४ मध्ये टेबलांकडे मागणी करायची भाषा तयार केली. तिचे नाव ‘सीक्वेल’. त्या नावावर विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचा हक्क निघाला, म्हणून ते आखडून ‘एसक्यूएल’ झाले. बॉइस त्याच वर्षी, अगदी तरुण वयात, वारले.

वाट यंत्राने शोधावी हे म्हणायला ठीक, पण शोधायची कशी? दहा टेबले एकापाठोपाठ एक जोडायची तर त्यांचे क्रमच ३६ लाख २८ हजार ८०० होतात. आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले: प्रत्येक वाटेचा खर्च आधी कागदावर काढा, लहान जोडण्यांची स्वस्त उत्तरे जपून ठेवा, त्यांवरून मोठ्या जोडण्या उभारा आणि सगळ्यांत स्वस्त वाट घ्या. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस याच पायावर उभे आहेत. या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. सेलिंजर यांच्या लेखातली एक बारीक गोष्ट फार बोलकी आहे. एखाद्या कॉलमबद्दल काहीच माहिती नसेल, तर ‘बरोबर’ या अटीत दहातली एक ओळ बसते असे धरा आणि ‘पेक्षा मोठे’ या अटीत तिनातली एक, असे त्या सांगतात. अज्ञानाला एक आकडा देऊन पुढे चालू लागणे, इतके धीट काम होते ते.

आता यंत्र आधी थोडी पाहणी करते. पोस्टग्रेस डीफॉल्टने टेबलातल्या ३० हजार ओळींचा नमुना घेतो आणि प्रत्येक कॉलममधली सर्वांत जास्त आढळणारी, जास्तीत जास्त १०० मूल्ये त्यांच्या प्रमाणासह लिहून ठेवतो. पाटील या यादीत हमखास येतात. विद्वांस येत नाहीत, म्हणून ते थोडे आहेत असे मानले जाते.

वेगाच्या आधी क्वेरी बरोबर हवी, आणि इथे नवशिके फसतात ते बहुधा ‘नल’ या चिजेत. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. ज्यांनी एकही ऑर्डर दिली नाही असे ग्राहक शोधायचे आहेत. सुचणारी पहिली क्वेरी अशी: ज्यांचा क्रमांक ऑर्डरच्या टेबलातल्या क्रमांकांत नाही, म्हणजे ‘नॉट इन’, असे ग्राहक दाखव. ऑर्डरच्या टेबलात एका जागी जरी ग्राहक क्रमांक भरायचा राहिला असेल, तर या क्वेरीचे उत्तर कोरे येते. एकही ग्राहक नाही! यंत्र काटेकोर विचार करते: यादीतला एक क्रमांक माहीत नाही, तर पाच हजार बाराव्या क्रमांकाचा ग्राहक त्या यादीत नाहीच असे छातीठोक कसे सांगू? म्हणून ते प्रत्येक ओळ गाळते. एरर येत नाही, इशारा येत नाही. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ लिहिले की प्रश्न मिटतो.

अशी चूक परीक्षकाच्या नजरेतूनही सहज सुटते, कारण नमुन्याच्या डेटात नल नसला की दोन्ही क्वेऱ्या सारखेच उत्तर देतात. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी ‘एक्सडेटा’ नावाची प्रणाली तयार केली. बरोबर क्वेरीवरून, तिच्यात होऊ शकणाऱ्या चुका डोळ्यांसमोर ठेवून, ती छोटा छोटा डेटा असा घडवते की चुकलेली क्वेरी उघडी पडावी. साध्या जॉइनऐवजी लेफ्ट जॉइन, म्हणजे जोडीदार नसलेली ओळही ठेवणारा जॉइन, हवा होता का, हे तपासायला तिथे एक तरी ग्राहक बिनऑर्डरचा असावाच लागतो. हाताने क्वेरी तपासणाऱ्यानेही हीच सवय लावून घ्यावी: दहाच ओळी घ्याव्यात, पण त्यांत एक नल, एक दुबार नोंद आणि एक जोडीदार नसलेली ओळ मुद्दाम ठेवावी.

वेगाकडे वळले की पहिले नाव निघते इंडेक्सचे. बहुतेक इंडेक्स ‘बी-ट्री’ असतात. बोइंगच्या संशोधन विभागातल्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी ही रचना १९७०च्या सुमारास मांडली. एका पानावर तीनशे वाटा मावल्या तर तीन पायऱ्यांत ३०० गुणिले ३०० गुणिले ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येते. एक कोटीच्या टेबलात हवी ती नोंद इंडेक्सच्या तीन पानांत सापडते, ती अशी.

पण इंडेक्स टेलिफोन डिरेक्टरीसारखा असतो, सुरुवातीच्या अक्षरावरून लावलेला. म्हणून ‘कुल’ने सुरू होणारी आडनावे चटकन मिळतात. ‘कर’ने संपणारी सगळी आडनावे द्या म्हटले, की पेडणेकर, मंगेशकर, तेंडुलकर गोळा करायला सगळी डिरेक्टरी चाळावी लागते. त्यावर एक नामी उपाय आहे: अक्षरे उलटी करून त्या उलट्या आडनावावर इंडेक्स बांधायचा आणि ‘रक’ने सुरू होणारी नावे मागायची. तारखेचेही तसेच. ‘तारखेतून वर्ष काढ आणि ते २०२४ आहे का बघ’ असे लिहिले की तारखेवरचा साधा इंडेक्स लागत नाही, कारण तो तारखांचा आहे, वर्षांचा नाही. ‘१ जानेवारी २०२४ पासून पुढे आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी’ असे लिहिले की लागतो. उत्तर तेच येते, पण वाचावी लागणारी पाने कितीतरी कमी होतात.

आणि तरीही अनेकदा क्वेरी रखडते. सगळे इंडेक्स जागेवर, लिहिणे चोख, तरी रखडते. अशा वेळी क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लिहून ती चालवावी. यंत्र आपला प्लॅन, म्हणजे निवडलेली वाट, छापून देते आणि प्रत्येक पायरीला दोन आकडे देते: किती ओळी येतील असे वाटले होते, आणि प्रत्यक्षात किती आल्या. जाणकार माणूस आधी या दोन आकड्यांतली तफावत कुठे सुरू होते ते शोधतो.

तफावतीचे एक घरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके. ग्राहक सगळीकडे सारखे पसरलेत असे मानू. क्वेरी अशी: जिल्हा सातारा आणि तालुका कराड. यंत्राला भूगोल येत नाही. दोन अटी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे समजून ते गुणाकार करते: छत्तिसातला एक, त्यातला तीनशे अठ्ठावन्नातला एक. एक कोटीतून सुमारे ७७६ ओळी येतील, असा त्याचा अंदाज. पण कराड तालुका सगळाच साताऱ्यात आहे; जिल्ह्याच्या अटीने एकही ओळ कमी होत नाही. प्रत्यक्षात येतात जवळपास २८ हजार. पावणेआठशेच ओळी आहेत असे समजून यंत्राने प्रत्येक ग्राहकामागे ऑर्डरच्या टेबलात एक फेरी मारायची वाट निवडलेली असते, आणि त्या फेऱ्या २८ हजार होतात. पुढे आणखी दोन टेबले जोडायची असली तर चूक पायरीगणिक वाढत जाते. २०१७ च्या पोस्टग्रेस १० पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही सोय आली. हे दोन कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत एवढे सांगून नमुना पुन्हा घ्यायला लावला की अंदाज ताळ्यावर येतो, आणि क्वेरीचे एक अक्षरही बदलावे लागत नाही.

मराठी डेटात आणखी एक अडचण हटकून भेटते. कुणी ‘कराड’ लिहितो, कुणी ‘कऱ्हाड’. वकिलाच्या नावाआधीचे ‘ॲड.’ दोन तऱ्हांनी टाइप होते: एकदा ‘ॲ’ हे सबंध अक्षर म्हणून, एकदा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्रापाशी ती वेगळी चिन्हे असतात आणि साध्या तुलनेत जुळत नाहीत. गावे, तालुके, जिल्हे यांची नावे प्रत्येक ओळीत न लिहिता वेगळ्या टेबलात एकदाच ठेवावीत आणि बाकी सगळीकडे क्रमांक वापरावा, हे शिस्तीचे उत्तर. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीत असे क्रमांक तयारच मिळतात.

कधी दोष क्वेरीत नसतोच, ती बोलावणाऱ्या प्रोग्रामात असतो. पाच हजार ग्राहकांची यादी आणायची आणि मग लूपमध्ये एकेकाची ऑर्डर विचारायची, ही सवय सर्रास दिसते. एका फेरीला दोन मिलिसेकंद लागले तरी दहा सेकंद जातात, आणि सुटी क्वेरी तपासावी तर प्रत्येक जण म्हणणार, ही तर वेगवान आहे. पाच हजार प्रश्नांऐवजी एक जॉइन विचारायचा असतो. आयआयटी मुंबईतच असे लूप ओळखून त्यांचे एकत्रित क्वेरीत आपोआप रूपांतर करण्यावर ‘डीब्रिज’ नावाने काम झाले आहे.

हे सगळे घरच्या लॅपटॉपवर करून बघता येते. पोस्टग्रेस फुकट मिळतो. त्यातल्या ‘जनरेट सिरीज’ने एक कोटी ओळींचे टेबल काही मिनिटांत उभे राहते, शंभरात चार पाटील घालता येतात, जिल्हे-तालुके भरता येतात. इंडेक्स काढून प्लॅन बघावा, घालून पुन्हा बघावा, स्टॅटिस्टिक्स देऊन तिसऱ्यांदा. एकच खबरदारी घ्यावी: एक्स्प्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतो. डिलीट किंवा अपडेटचा प्लॅन असा बघायचा असेल, तर आधी ‘बिगिन’ आणि शेवटी ‘रोलबॅक’ लिहायला विसरू नये.