तारीख मागे कशी जाते?

या आठवड्यात एल-१ व्हिसावर लिहायचे ठरले होते. पण नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आणि तो विषय बाजूला ठेवावा लागला. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत इंजिनिअर आहे. दर महिन्याला फोनवर तो 'तारीख' सांगतो. कधी पुढे सरकली म्हणतो, कधी आहे तिथेच आहे म्हणतो. २०२२ च्या पावसाळ्यात ती त्याच्या नंबरापर्यंत आली होती आणि दसऱ्याच्या आसपास मागे गेली. बाई विचारतात, "रांगेतला माणूस पुढे सरकतो किंवा थांबतो. रांगच मागे कशी जाते?"

इतका नेमका प्रश्न दोन ओळींत उरकणे बरोबर नाही.

ही तारीख म्हणजे प्रायॉरिटी डेट. तिकडच्या घरगुती गणपतीत दोन इंजिनिअर भेटले की "तुझी पीडी काय?" हा प्रश्न हटकून निघतो. गेल्या वेळी पाहिलेली एच-१बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी लागून माणूस कामावर रुजू झाला, की काही काळाने कंपनी त्याच्या ग्रीन कार्डाचे काम हाती घेते. पहिला अर्ज जातो अमेरिकेच्या कामगार खात्याकडे: जागेची जाहिरात दिली, पात्र स्थानिक उमेदवार मिळाला नाही. या अर्जाला सगळे 'पर्म' म्हणतात. तो दाखल झाला तो दिवस त्या माणसाची पीडी. पुढे आय-१४० हा अर्ज मंजूर झाला, की नोकरी बदलली तरी ही तारीख सहसा सोबत येते. नव्या कंपनीला पर्म पुन्हा करावे लागते, पण रांगेतली जागा जुनीच राहते.

मग दर महिन्याला अमेरिकेचे परराष्ट्र खाते व्हिसा बुलेटिन काढते. त्यात भारताच्या रकान्यात जी तारीख छापलेली असेल, तिच्या आधीची पीडी असलेल्यांना त्या महिन्यात ग्रीन कार्ड मिळू शकते. तारखेऐवजी 'सी' असेल तर रांगच नाही, सगळ्यांनी यावे. 'यू' असेल तर दार बंद.

रांग लागते ती आकड्यांमुळे. १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १,४०,००० ठरवली, आणि तो पायाभूत आकडा आजही तोच आहे. यात बायको किंवा नवरा आणि मुलेही मोजली जातात, म्हणजे चौघांच्या घराला चार कार्डे लागतात. बहुतेक भारतीय इंजिनिअर ज्या ईबी-२ गटात असतात, त्याच्या वाट्याला यातली २८.६ टक्के, साधारण ४०,००० येतात. आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही. ४०,००० चे ७ टक्के २,८००. चौघांचे घर धरले तर ७०० कुटुंबे! इतर देशांनी न वापरलेली कार्डे सर्वांत जुन्या तारखांकडे वळतात, त्यामुळे काही वर्षी भारताला बरीच जास्त मिळतात. पण पाया हा एवढाच. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला.

देशांना समान मर्यादा हे तत्त्व १९६५ च्या कायद्यातून आले. त्याआधीची वाटणी युरोपातल्या ठरावीक देशांना झुकते माप देणारी होती. ती मोडून सर्वांना सारखे वागवायचे, हा हेतू होता. अन्याय दूर करण्यासाठी आखलेली रेघ साठ वर्षांनी दुसऱ्याच लोकांना अडवते, हे या विषयातले सर्वांत दुखरे ठिकाण आहे.

शिवाय इथे देश म्हणजे जन्माचा देश. पासपोर्ट कोणता, हे पाहिले जात नाही. समजा, एकाच वर्गात शिकलेले, एकाच कंपनीत लागलेले, एकाच दिवशी पर्म भरलेले दोन मित्र आहेत. एकाचा जन्म सांगलीचा, दुसऱ्याचा मस्कतचा, कारण वडील तेव्हा तिथे नोकरीला होते. दुसरा ओमानच्या खात्यात मोजला जातो आणि पहिल्याच्या कितीतरी वर्षे आधी मोकळा होतो. त्याच्याशी लग्न केलेली सांगलीची मुलगीही त्याच्या रांगेतून जाऊ शकते.

आता बाईंचा मूळ प्रश्न. पंगतीचे उदाहरण घ्यावे. पाने मोजकी आहेत, पण किती जण जेवायला येणार हे यजमानाला ठाऊक नाही. पहिली हाक थोड्यांना दिली आणि पाने रिकामी दिसली, तर तो आणखी लोकांना बोलावतो. मग एकदम गर्दी होते आणि त्याला सांगावे लागते, एवढे लोक बसा, बाकीच्यांनी पुढच्या पंगतीला या. बुलेटिन काढणाऱ्यांची अडचण हीच. त्यांचे वर्ष ऑक्टोबरला सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपते, त्यात न वापरलेली कार्डे त्या रांगेच्या हातून जातात. जुन्या तारखेचे किती जण अजून रांगेत आहेत, किती परत गेले, कितींनी बायकामुले जोडली, हे अर्ज हातात येईपर्यंत पक्के कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात तारीख भराभर पुढे नेतात आणि अर्जांचा ढीग आला की मागे घेतात. अनेक वर्षे हा हिशेब चार्ल्स ओपनहाइम हे एक अधिकारी सांभाळत. त्यांच्या अंदाजाचा एकेक शब्द लोक पंचांगासारखा वाचत.

हा अंदाज सर्वांत जोरात फसला तो २००७ च्या जुलैमध्ये. त्या महिन्याच्या बुलेटिनमध्ये इंजिनिअरांचे सगळे गट 'सी' झाले. वर्षानुवर्षे थांबलेल्यांना जून संपण्याआधी कागद जमवायचे होते. वैद्यकीय तपासणी, लसींच्या नोंदी, आणि सर्वांत अवघड म्हणजे जन्मदाखला. कोणाच्या दाखल्यावर नावच नव्हते, कोणाची नोंदच सापडत नव्हती. इकडे आईवडील नगरपालिकेत खेटे घालत होते, प्रतिज्ञापत्रे करून कुरिअरने पाठवत होते. आणि २ जुलैला सुधारित घोषणा आली: या वर्षीची कार्डे संपली, अर्ज घेणार नाही. इमिग्रेशन कार्यालयाने जूनमध्येच सुमारे ६०,००० प्रकरणे झपाट्याने निकाली काढली होती. शिवाय ३० जुलैपासून अर्जाची फी ३२५ डॉलरवरून ९३० होणार होती.

त्यावर लोकांनी जे केले ते विलक्षण होते. आदल्या वर्षी नागपूरच्या राजकुमार हिरानींचा 'लगे रहो मुन्नाभाई' गाजला होता. १० जुलैला वॉशिंग्टनमध्ये इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या नावाने शेकडो पुष्पगुच्छ पोहोचले. त्या सिनेमातली गांधीगिरी! गोन्झालेझ यांनी ती फुले वॉल्टर रीड आणि बेथेस्डा इथल्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांकडे पाठवली. 'इमिग्रेशन व्हॉइस' या संघटनेच्या लोकांनी सॅन होजेत मोर्चा काढला, वकिलांनी दाव्याची तयारी केली, खासदार झोई लॉफग्रेन यांनी जाब विचारला. १७ जुलैला खात्याने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत जुन्या फीमध्ये अर्ज घेतले.

त्या अर्जांमुळे लगेच ग्रीन कार्ड मिळाले नाही. ऑक्टोबरमध्ये तारीख पुन्हा काही वर्षे मागे होती. पण आय-४८५ हा शेवटचा अर्ज एकदा आत गेला, की पुढे तारीख मागे गेली तरी तो परत येत नाही, कपाटात थांबतो. तो थांबलेला असताना काम करण्याचे ईएडी कार्ड मिळते, बायकोलाही मिळते, आणि १८० दिवसांनंतर तशाच कामाची दुसरी नोकरी धरता येते. म्हणून २००७ चा तो एक महिना पुष्कळ घरांमध्ये अजून सांगितला जातो.

नाशिकच्या मुलाची पीडी नोव्हेंबर २०१४ ची आहे. कोविडमध्ये वकिलाती बंद राहिल्याने कुटुंबगटातली न वापरलेली कार्डे नोकरीगटात आली आणि २०२२ च्या वर्षात १,४०,००० ऐवजी सुमारे २,८१,००० उपलब्ध झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ झाली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११, आणि एप्रिल २०२३ मध्ये १ जानेवारी २०११. सात महिन्यांत जवळजवळ चार वर्षे मागे. बाईंच्या मुलाने फोनवर सांगितले ते हेच.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिले आहे की भारतात जन्मलेली नात आता १९ वर्षांची झाली. मूल २१ वर्षांचे झाले की वडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या एका कायद्याने त्यात काही सवलत दिली आहे. तेव्हा त्यांनी मुलाला विचारून दोन गोष्टी कळवाव्यात: २०२२ मध्ये तारीख आली असताना त्याने ४८५ भरला होता का, आणि नातीचाही अर्ज त्याच वेळी जोडला होता का? जोडला असेल, तर तिचे वय कायद्याच्या हिशेबात तिथेच थांबलेले आहे. नसेल, तर तिच्याकडे उरलेली दोन वर्षे कशी वापरायची, हे पुढच्या आठवड्यात पाहू. एल-१ त्यानंतर.