वायू किती, हवा किती

कचऱ्याच्या डोंगरातून वायू खेचणारा ब्लोअर कारखान्यात तपासायचा, तर तिथे कचरा नसतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये असे यंत्र उभे राहिले, की ते साध्या हवेवरच चालवून पाहावे लागते. ते चालतेही, कारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण जवळपास हवेइतकेच जड असते. फ्लँजच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहतात, मोटर किती अँपिअर ओढते ते लिहून घेतात. वायू जाळणाऱ्या ज्योतीची खरी परीक्षा मात्र डम्पिंग ग्राउंडवरच होते.

तिथल्या चाचणीचा खर्च करारानुसार नगरपालिकेने सोसायचा असेल, तर त्या पैशात तिच्या हाती काय पडणार, हे निविदेतच ठरलेले असायला हवे.

‘ताशी इतके घनमीटर वायू’ एवढीच अट असली, तर ठेकेदाराला लबाडी करायचीही गरज उरत नाही. ब्लोअरचा जोर वाढवला की कचऱ्यात खोदलेल्या वायूच्या विहिरींतली ओढ वाढते, मातीच्या भेगांतून हवा आत शिरते आणि मीटरवरचा आकडा चढतो. चाचणी उत्तीर्ण! प्रत्यक्षात मिथेनचे प्रमाण घसरलेले असते आणि ऑक्सिजन वाढलेला. तो कचऱ्याच्या पोटात पोहोचला की आतल्या आत आग धुमसू लागते. आधारवाडी डम्पिंग ग्राउंडच्या आगींचा धूर सोसलेल्या कल्याणकरांना आग लागलेला कचरा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रवाहाच्या आकड्याशेजारी मिथेन आणि ऑक्सिजनची टक्केवारी लिहिलीच पाहिजे. तापमानही. बदलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. ४० अंशांना मोजलेला एक हजार घनमीटर वायू शून्य अंशाच्या प्रमाण मापात सुमारे ८७२ घनमीटरच भरतो. कोणते माप धरायचे हे करारात नसेल, तर हा फरक कोणाच्या पदरात जाणार, हे उघड आहे. मीटरचे कॅलिब्रेशन कोणत्या प्रयोगशाळेचे, सील कोणाचे, चाचणी एका तासाची की सलग काही आठवड्यांची, ही कलमे रटाळ वाटतात. पण शहराचे हित तिथेच सांभाळले जाते. आपला कचरा ओला असतो, लवकर कुजतो. वायू जोरात येतो आणि लवकर ओसरतो. पावसाळ्यात विहिरींत पाणी साचते. एका कोरड्या दुपारच्या नोंदीवर देयक मंजूर करणे म्हणजे वर्षभराचा हिशेब एका दिवसावरून करणे.

चाचणीचा खर्च नेहमी आपलाच असतो, असेही नाही. मुंबईत देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर २००७ च्या सुमारास वायू उपसून पाहिला, तो अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या कार्यक्रमातून. गोराईत तर मोजमाप थेट पैशाला भिडले. १९७२ पासून मुंबईचा कचरा झेलणारी सुमारे २० हेक्टरची ही जागा शास्त्रोक्त पद्धतीने बंद करताना वर अभेद्य आवरण आले, आत वायूच्या विहिरी आल्या आणि टोकाला वायू जाळणारा फ्लेअर. जळालेल्या मिथेनवर कार्बन क्रेडिट मिळायचे होते. त्यापोटी आशियाई विकास बँकेने आगाऊ रक्कमही दिली. त्या काळच्या क्रेडिटच्या नियमांत उघड्या ज्योतीला ५० टक्केच कार्यक्षमता धरत. बंद फ्लेअरला ९० टक्के धरता येत, पण त्याचे तापमान तासात २० मिनिटांहून जास्त वेळ ५०० अंशांखाली राहिले, तर त्या तासाचे श्रेय शून्य. तापमापीची एक वायर निखळली, तरी तेवढ्या तासांचे उत्पन्न बुडायचे.

खर्चाचा न्याय्य मार्ग अनेक बांधकाम करारांत आधीच रूढ आहे: जादा चाचणी शहराने सांगितली आणि यंत्र तिला उतरले, तर खर्च शहराचा, नापास झाले, तर दुरुस्ती आणि फेरचाचणी ठेकेदाराच्या पैशाने. पहिल्या चाचणीचे पैसे पालिकेनेच द्यावेत, हे बरेच. पैसे ज्याचे, त्याने नेमलेला त्रयस्थ तपासनीस. आणि कच्च्या नोंदींची फाइलही त्याचीच.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरसाठी वालिवलीला संयुक्त घनकचरा प्रकल्पाची आखणी झाली आहे. तरी तिन्ही शहरांत आजवर साठलेला जुना कचरा आहेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंद कचराभूमीची किमान १५ वर्षे देखरेख सांगितली आणि मिथेनला स्फोटमर्यादेच्या २५ टक्क्यांची, म्हणजे हवेत सव्वा टक्क्याची, मर्यादा घातली. ठेकेदाराची अनामत रक्कम मात्र त्याच्या कितीतरी आधी परत जाते. पुढच्या प्रत्येक वर्षाच्या चाचणीचा दर निविदा भरतानाच मागून घेतला, तर बाराव्या वर्षी तपासनिसाला बोलावताना नव्याने पैसे मंजूर करून घेत बसावे लागणार नाही.