केऑस आणि नळाचे न धुतलेले पाय

'वॉरहॅमर' या युद्धखेळातला केऑस फौजा घेऊन येतो खरा, पण त्याचा मोठा डाव माणसाच्या आतच रंगतो. मोहाने आधी मन जातं, मग देहाला शिंगं नाहीतर सोंडा फुटतात. १९८८च्या 'रेल्म ऑफ केऑस' ग्रंथात अशा विकृती फासे टाकून ठरवायचे लांबलचक तक्ते आहेत. ही कल्पना आपल्याला परकी आहे, असं म्हणणं घाईचं ठरेल. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने केलेल्या 'राजी' या व्हिडिओ गेममध्ये (२०२०) मात्र असुर उघड हल्ला करतात, नायिकेला आतून पोखरत नाहीत. पोखरणारी शक्ती हवी असेल तर विदर्भाच्या जावयाकडे, नळाकडे वळावं. महाभारतात कली १२ वर्षं टपून बसतो; नळ एकदा पाय न धुता संध्येला बसतो आणि तेवढ्या फटीतून कली आत शिरतो. मग द्यूत, आणि राज्य गेलं.

कली हा युगचक्राचा भाग, त्याला केऑसच्या पंक्तीत का बसवायचं, असा आक्षेप येईल. पण नळकथेतला कली मत्सराने पेटून एकाच माणसाला गाठतो. युगाबिगाची वाट पाहत नाही. खरा फरक पुढे आहे. केऑसचा डाग सहसा पुसला जात नाही. नळाला मात्र कर्कोटक नाग डसतो, तो कुरूप बाहुक होतो, आणि तेच विष आतल्या कलीला जाळत राहतं. विद्रूप होणं इथे औषधाचं काम करतं, वॉरहॅमरच्या नेमकं उलट. ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, मिळताच कली विष ओकत बाहेर पडतो आणि बेहड्याच्या झाडात शिरतो. पूर्वी फासे म्हणून याच झाडाची फळं वापरत.