संरचित लॉगिंग

संरचित लॉगिंग किंवा रचनाबद्ध घटनानोंद ही वेब अनुप्रयोगात घडणाऱ्या घटना ठरावीक रकान्यांत नोंदवण्याची पद्धत होय. अनुप्रयोग चालू असताना कोणी प्रवेश केला, कोणती मागणी आली, तिला काय उत्तर गेले व कोठे बिघाड झाला याची नोंद सर्व्हरवर आपोआप होत असते. अशा नोंदींच्या संचाला 'लॉग' म्हणतात. ही नोंद मोकळ्या वाक्याऐवजी वेळ, घटना, व्यवहार क्रमांक, निष्पत्ती अशा नामांकित रकान्यांत केली, म्हणजे ती संगणकाला शोधता, मोजता व पडताळता येते.

स्वरूप

जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत अडत्याच्या रोजकीर्दीला तारीख, खाते, तपशील आणि रकमेचे रकाने असतात. म्हणूनच तिच्यावरून खतावणी करता येते. संरचित लॉगचे तत्त्व हेच आहे. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्राचे उदाहरण घेतल्यास फरक स्पष्ट होतो.

मोकळी नोंद: सकाळी एका शिधापत्रिकाधारकाचा व्यवहार अयशस्वी झाला.

संरचित नोंद: वेळ = १०:०५:१२; घटना = आधार प्रमाणीकरण; व्यवहार क्रमांक = ४५७१; निष्पत्ती = नाही; त्रुटी = ३००.

पहिल्या नोंदीवरून जोडणी तुटली की बोटाचा ठसा जुळला नाही, हे समजत नाही. दुसरीवरून समजते, कारण आधार प्रणालीत '३००' हा त्रुटी क्रमांक जैविक माहिती न जुळल्याचा निदर्शक आहे. कष्टाच्या कामाने बोटे झिजलेल्या मजुराला धान्य का मिळाले नाही, याचा निवाडा अशा रकान्यावर अवलंबून राहू शकतो.

एकच मागणी अनेक सर्व्हरांतून जात असल्यास प्रत्येक ठिकाणी तोच व्यवहार क्रमांक लिहितात. त्यायोगे विखुरलेल्या नोंदी जुळवून घटनाक्रम उभा करता येतो. यासाठी सर्व सर्व्हरांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. नोंदी साठवण्यासाठी 'जेसन' हे स्वरूप प्रचलित असून त्यात सामान्यतः एका घटनेला एक ओळ दिली जाते.

इतिहास

१९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत 'सेंडमेल' या टपाल प्रणालीसाठी 'सिसलॉग' तयार केले. त्यात घटनेच्या गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या असून ० ही सर्वांत गंभीर होय. मात्र मूळ संदेश मोकळ्या मजकुराचाच असे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिसलॉगच्या सुधारित मानकात संरचित माहितीसाठी स्वतंत्र जागा देण्यात आली.

आधार प्रमाणीकरणाच्या नोंदी

आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ खानदेशात झाला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले क्रमांक देण्यात आले. पुढे प्रमाणीकरणाची प्रत्येक घटना नोंदवली जाऊ लागली आणि त्या नोंदीत कोणते रकाने असावेत, हा कायद्याचा प्रश्न बनला.

२०१६ च्या प्रमाणीकरण विनियमांनुसार प्रमाणीकरण मागणाऱ्या संस्थेने मागणीचा तपशील, मिळालेले उत्तर व आधारधारकाच्या संमतीची नोंद जपावी. बोटांच्या ठशांसारखी वैयक्तिक ओळखमाहिती मात्र कोणत्याही परिस्थितीत साठवू नये, असे ठरले. प्रमाणीकरण कोणत्या हेतूने झाले, हे प्राधिकरणाने आपल्याकडे साठवण्यासही मनाई आहे. म्हणजेच हेतूचा रकाना मुद्दाम वगळलेला आहे. तो असता तर नोंदींवरून माणसाच्या जीवनक्रमाचा माग काढता आला असता.

जतन आणि गोपनीयता

प्राधिकरणाकडील या नोंदी सहा महिन्यांनंतर आणखी पाच वर्षे संग्रहित ठेवण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती अवैध ठरवली व सहा महिन्यांची मर्यादा कायम केली. याउलट, सायबर सुरक्षेसाठी 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक केले. पहिल्या मर्यादेमागे गोपनीयतेचा विचार आहे, तर दुसरीमागे तपासाला पुरावा उपलब्ध असण्याचा.

नको ती माहिती लॉगमध्ये गेल्यास लॉगच धोका ठरतो. मे २०१८ मध्ये वापरकर्त्यांचे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघड स्वरूपात लिहिले गेल्याचे ट्विटरने जाहीर केले आणि सर्वांना ते बदलण्याची सूचना केली. म्हणून पासवर्ड, एकवेळचा संकेतांक व जैविक माहिती नोंदीतून वगळतात, तर आधार क्रमांकासारखी माहिती अंशतः झाकतात.

आधारधारकाला आपल्या प्रमाणीकरणाच्या मागील सहा महिन्यांतील नोंदी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांत दिनांक, वेळ, संस्थेचे नाव, प्रमाणीकरणाचा प्रकार, निष्पत्ती आणि अपयश आल्यास त्रुटी क्रमांक हे रकाने असतात.