रीळ स्वस्त, अंगठा मस्त!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

होस्टेलच्या कपाटांत धूळ खात पडलेल्या वस्तूंची यादी केली, तर पहिला नंबर गिटारचा आणि दुसरा डंबेल्सचा लागेल. आम्हा कोकणातल्या पोरापोरींच्या कपाटात तिसरा नंबर मात्र ठरलेला, बेटकास्टिंग रिळाचा! रीळ म्हणजे मोबाइलवर रात्री दोनपर्यंत बघतो ते रील नव्हे हं. मासे पकडायच्या रॉडवर बसतं आणि ज्यावर तंगूस गुंडाळलेला असतो, ते रीळ.

मी अलिबागकडची. आमच्याकडे याला 'गरवायला जाणं' म्हणतात. बाबांच्या पिढीने नुसता हातात तंगूस धरून, टोकाला शिसं आणि गरी बांधून मासे काढले. आमच्या पिढीला रॉड हवा, रीळ हवं, तेही व्हिडिओत दिसतं तसं चपटं, स्टायलिश बेटकास्टर. मग पॉकेटमनी साठतो, रीळ येतं आणि पहिल्याच फेकीत त्यात भलामोठा गुंता होतो. (माझी आजी त्याला सरळ 'गुंतवळ' म्हणते. विंचरल्यावर फणीत उरते ना, तशी!) दोन-तीनदा असं झालं, की "स्वस्तातलं घेतलं ना, म्हणून" असा निकाल लागतो आणि रीळ कपाटात जातं.

मंडळी, हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. या लेखात मी 'स्वस्त' म्हणते ते ५ हजारांच्या आतलं रीळ. तेवढ्यात आपल्या मेसचं महिना-दीड महिन्याचं बिल निघतं, म्हणजे आपल्यासाठी ही रक्कम काही थोडी नाही. ती वाया जाऊ नये म्हणून हा लेखप्रपंच. शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मध्येमध्ये इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढं सांभाळून घ्या.

गुंता होतो तरी कसा?

बहुतेकांनी पाहिलेलं असतं ते स्पिनिंग रीळ. ते रॉडच्या खाली लटकतं. फेकताना त्याचा स्पूल जागच्या जागी स्थिर राहतो आणि तंगूस वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जातो. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूल स्वतः फिरतो. सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या एका फरकात आहे.

गावाकडचा विहिरीवरचा रहाट आठवा. कळशी सोडली की तो गरगर फिरतो. कळशी पाण्याला टेकली तरी लगेच थांबत नाही, दोन-चार फेरे जास्तच मारतो आणि दोर सैल पडतो. बेटकास्टरमध्ये नेमकं हेच होतं, फक्त वेग भयंकर. समजा, आमिष सेकंदाला २० मीटर वेगाने सुटलं, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. स्पूलचा व्यास ३२ मिलिमीटर धरला तर परीघ साधारण १० सेंटिमीटर. म्हणजे स्पूलचे सेकंदाला २०० फेरे, मिनिटाला १२ हजार! आपल्या वर्कशॉपमधलं लेथ यापुढे बैलगाडी वाटेल.

आता हवेच्या अडथळ्याने आमिषाचा वेग कमी होत जातो, पण स्पूल आपल्याच तंद्रीत फिरत राहतो. आमिष जेवढा तंगूस मागतं, त्यापेक्षा जास्त तो सोडतो. हा जास्तीचा तंगूस जाणार कुठे? आतल्या आत गुंतवळ!

किमतीचा खरा संबंध इथे येतो. स्पूल जड असेल तर त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया जास्त, मग त्याला फिरवायलाही कष्ट आणि थांबवायलाही. महागड्या रिळात पातळ, हलका, अचूक कापलेला स्पूल मिळतो, म्हणून त्यातल्या काहींनी ३-४ ग्रॅमचं आमिषही फेकता येतं. स्वस्त रिळाच्या जड स्पूलला एवढंसं आमिष नीट फिरवूच शकत नाही. पण १२ ते २० ग्रॅमचं लावा, तेच रीळ शहाण्यासारखं वागतं. थोडक्यात काय, तर स्वस्त रिळाला हलकं काम जमत नाही, बाकी ते काही वाईट नसतं.

जाता जाता मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गोष्ट. या रिळाचे पूर्वज घड्याळजींच्या हातून आले. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १९व्या शतकाच्या सुरुवातीला गिअरचं रीळ बनवलं. स्वीडनची 'अबू' ही नामवंत रीळ कंपनीसुद्धा १९२१ मध्ये घड्याळांचा कारखाना म्हणूनच सुरू झाली. तेव्हा ही अचूकता एकेका कारागिराच्या हातात होती. आज सीएनसीमुळे ती बऱ्यापैकी स्वस्त झाली आहे, म्हणून तर आपल्या बजेटमध्येही कामाचं रीळ मिळतं.

ब्रेक तीन, त्यातला एक फुकट

पहिला ब्रेक म्हणजे हँडलच्या बाजूची छोटी गोल टोपी, टेन्शन नॉब. ती स्पूलच्या दांड्याला बाजूने दाबते. आमिष बदललं की ही नव्याने लावायची.

दुसरा मुख्य ब्रेक. तो दोन जातींचा. सेंट्रिफ्यूगलमध्ये छोटे ठोकळे वेगामुळे बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुरुवातीला जबरदस्त आणि शेवटी जवळजवळ नाहीच. चुंबकाच्या ब्रेकमध्ये ॲल्युमिनियमचा स्पूल चुंबकाजवळून फिरतो आणि त्यात एडी करंट तयार होऊन तो मंदावतो. (फर्स्ट इयरला लेन्झचा नियम पाठ करताना 'याचा उपयोग काय' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) हा जोर साधारण वेगाच्या प्रमाणात, त्यामुळे तो जरा उशिरापर्यंत साथ देतो. शिवाय याचा आकड्यांचा डायल बाहेरच असतो. बऱ्याच सेंट्रिफ्यूगल रिळांत मात्र बाजूची प्लेट उघडावी लागते. म्हणून शिकाऊ माणसाने स्वस्तात घेताना चुंबकाचा ब्रेक घ्यावा, असं माझं मत.

आणि तिसरा ब्रेक? आपला अंगठा! फेकीच्या शेवटी स्पूल मंदावतो, तेव्हा पहिल्या दोन्ही ब्रेकांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी स्पूल थांबवायचं काम अंगठ्याचंच. बाबांनी माझं रीळ पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा त्यांना ना डायल माहीत होता ना नॉब. तिसऱ्या फेकीला त्यांचा अंगठा बरोबर वेळेला टेकला. इतकी वर्षं हातातून तंगूस सोडलेला, दोरी सैल पडतेय हे त्या हाताला आपोआप कळतं. हे कुठल्याही बॉक्सवर छापून येत नाही.

आधी ठरवा, खरंच हवं का?

छोटी आमिषं, फ्लोटवर लावलेली कोळंबी, असलं हलकं काम करायचं असेल तर बेटकास्टर घेऊच नका. स्पिनिंग रीळ त्याला जास्त चांगलं, आणि शिकायलाही सोपं. बेटकास्टर हवं ते नेम धरून, जाड तंगुसाने, जड आमिष फेकायला. खाडीत कांदळवनाच्या मुळांशी लपलेला जिताडा किंवा तळ्यातल्या शेवाळात बसलेली मरळ, यांच्यासाठी हे हत्यार. तिथे मासा लागला की मुळांत शिरायच्या आत ओढून काढावा लागतो आणि बेटकास्टर कपीसारखं सरळ ओढतं.

आणखी एक. रॉड बेटकास्टिंगचाच लागतो, मुठीखाली बोट अडकवायला ट्रिगर असलेला. स्पिनिंगच्या रॉडवर हे रीळ चालत नाही. म्हणजे बजेटमध्ये रॉडही धरा.

दुकानात काय बघाल?

१) बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. बॉक्सवर '१८+१' असं मोठ्ठं लिहिलेलं असतं. त्यातली बरीच हँडलच्या मुठीत वगैरे बसवलेली असतात. फेकीसाठी महत्त्वाची ती स्पूलला दोन्ही बाजूंनी धरणारी. अबू गार्सियाच्या ब्लॅक मॅक्स या प्रसिद्ध एन्ट्री लेव्हल रिळात ४ बॉल बेअरिंग आणि १ रोलर आहे. तेवढ्यावर त्याचं नीट भागतं.

२) ब्रेकची परीक्षा घ्या. डायल शून्यावर ठेवून स्पूल बोटाने फिरवा, मग डायल पूर्ण चढवून फिरवा. थांबायला लागणाऱ्या वेळात ठळक फरक दिसला पाहिजे. दिसला नाही तर तो डायल नुसता शोभेचा.

३) हँडल हलवून पाहा. पुढे फिरवून सोडल्यावर ते मागे लचकता कामा नये. स्पूल फिरताना खरखर आवाज नको.

४) गिअर रेशो. ६.३:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे ६.३ फेरे, म्हणजे वरच्या हिशेबाने सुमारे ६३ सेंटिमीटर तंगूस आत. ७.३:१ मध्ये ७३. पहिल्या रिळाला ६ ते ७च्या मधला आकडा पुरे.

५) ड्रॅगचा आकडा. 'मॅक्स ड्रॅग ८ किलो' वाचून हुरळू नका. ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश लावायचा असतो. १२ पौंडी तंगूस साधारण साडेपाच किलोला तुटतो, म्हणजे ड्रॅग दीड किलोच्या आसपास. शाळेतला ताणकाटा लावून मोजता येतो. आकड्यापेक्षा तो झटके न देता एकसारखा सुटतोय ना, हे बघा.

६) डावं की उजवं? उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या बाजूला हँडल असलेलं घेतलं तर फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. दोन्ही प्रकार मिळतात, हँडल नंतर बदलून लावता येत नाही. म्हणून घेतानाच ठरवा.

ग्राउंडवरची तालीम

रीळ घेऊन थेट खाडीवर जाऊ नका. आधी ग्राउंड. सुरुवातीला १२ ते १४ पौंडी साधा तंगूस भरा, ब्रेडेड लाइन नको. ती जास्त महाग, आणि सैल गुंडाळली गेली की स्वतःच्याच थरांत रुतते. स्पूलच्या काठापासून २-३ मिलिमीटर खालीच थांबा. काठोकाठ भरला की स्पूल आणखी जड.

आमिषाऐवजी टोकाला एम-१२चा नट बांधा. तो साधारण १७ ग्रॅम भरतो आणि त्याला गरी नसते, त्यामुळे कुणाचा कान फाटायची भीती नाही. तरी समोर आणि मागे कुणी नाही, खिडक्या लांब आहेत, एवढं बघाच.

आता रॉड तिरका वर धरा आणि अंगठ्याखालचं बटण दाबून नट सोडा. नट सावकाश खाली यायला हवा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवा. तसं होईपर्यंत टेन्शन नॉब पिळा. चुंबकाचा डायल १० पैकी ८वर. मग हळू, अर्ध्या जोराने फेका. झटका देऊ नका, गोफणीसारखा सलग झोल द्या. अंगठा स्पूलवर पिसासारखा टेकलेला आणि नट पडायच्या क्षणी घट्ट. २०-२५ फेका बिनगुंत्याच्या झाल्या की डायल एक आकडा खाली. समोरून वारा असेल तर मात्र पुन्हा वर, कारण वाऱ्याने आमिष अडतं, स्पूल नाही.

एक जुनी युक्ती. ३० मीटर तंगूस बाहेर काढा, स्पूलवर इलेक्ट्रिकच्या टेपची पट्टी चिकटवा आणि वरून तंगूस परत गुंडाळा. गुंता झालाच तर टेपच्या खाली जात नाही.

गुंता झाला तर ओढाताण करू नका. अंगठ्याने स्पूल घट्ट दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग बटण दाबून तंगूस हळूहळू बाहेर ओढा. बराचसा गुंता असाच सुटतो. जिथे तंगूस मुडपला असेल तिथून पुढचा भाग कापून टाका, मासा लागल्यावर तो नेमका तिथेच तुटेल. आणि कापलेली गुंतवळ खाडीवर फेकू नका. तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही, बगळ्या-कावळ्यांच्या पायांना त्याचा फास बसतो. खिशात घालून परत आणा.

मीठ हा खरा शत्रू

खाडीवरून आलात की रीळ नळाच्या बारीक धारेखाली धुवा, बादलीत बुडवू नका. पुसून, ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. स्पूलच्या बेअरिंगला महिन्यातून एकदा तेलाचा एकच थेंब, गिअरला ग्रीस. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं तर फेक आखडते. एवढं केलंत तर स्वस्त रीळही डिग्री हातात येईपर्यंत सहज टिकेल.

धरणावर जाणार असाल तर मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारून घ्या. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर उभं राहून कुठल्याही जिताड्याच्या नादी लागू नका.

असो. सांगायचं ते हे, की पैसे ब्रेकसाठी द्या, बेअरिंगच्या आकड्यासाठी नको, आणि वाचलेल्या पैशांऐवजी थोडा वेळ अंगठ्यावर खर्च करा. ज्यांची रिळं कपाटात पडून आहेत, त्यांनी ती काढून सबमिशन संपल्यावर संध्याकाळी ग्राउंडवर यावं, मी असतेच. नट मात्र आपापला आणावा. वर्कशॉपमधून ढापलेला चालणार नाही, सर हा अंक वाचतात!