बोईसरमध्ये प्लेस्टेशनची लढत कुणाशी?

सोनीचं प्लेस्टेशन 5 अमेरिकेत 12 नोव्हेंबर 2020 रोजी 499 डॉलरला विक्रीला आलं. भारतात ते 2 फेब्रुवारी 2021 ला आलं, 49,990 रुपयांना. तेव्हाच्या दरानं 499 डॉलरचे साधारण साडेछत्तीस हजार रुपये होत होते. वरच्या फरकातला मोठा वाटा सरकारी तिजोरीचा. गेमिंग कन्सोलवरचं सीमाशुल्क 2018 च्या अर्थसंकल्पात 10 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर गेलं, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. अमेरिकेतल्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो हे खरं, पण तो धरूनही तफावत उरतेच. आणि रुपये-डॉलरच्या या हिशेबात खरी गोष्ट दिसतच नाही. ती पगाराशी ताडून पाहिल्यावर दिसते. अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे. म्हणजे अगदी तळच्या मजुरीवरही 499 डॉलरचा कन्सोल 69 तासांच्या कामाचा, पुरते दोन आठवडेही नाहीत. बोईसरलगतच्या तारापूर एमआयडीसीतल्या कंत्राटी हेल्परच्या हातात महिन्याला 15,000 रुपये पडतात असं धरलं, तर तोच डबा सव्वातीन महिन्यांच्या पगाराहून महाग पडतो. तोही खोलीभाडं, खानावळ आणि गावी पाठवायचे पैसे शून्य धरून.

एवढ्यावरून ‘महाग आहे म्हणून खपत नाही’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते अर्धंच खरं. किंमत कशाच्या तुलनेत महाग, हे शेजारी दुसरं काय विकायला ठेवलंय त्यावर ठरतं. अमेरिकेत प्लेस्टेशनच्या शेजारी एक्सबॉक्स असतो. जपानमध्ये निन्टेंडो असतो, आणि तिथं गिऱ्हाईक टिकवायला कंपन्या किंमत किती वाकवतात ते पाहण्यासारखं आहे: जून 2025 मध्ये निन्टेंडोनं स्विच 2 ची फक्त जपानी भाषेत चालणारी आवृत्ती 49,980 येनला काढली, बहुभाषी आवृत्ती मात्र 69,980 येनला. स्वस्त माल परदेशी जाऊ नये म्हणून भाषेचं कुलूप! भारतासाठी असा खटाटोप कुणी केला नाही. निन्टेंडोची तर इथं अधिकृत विक्रीच नाही, स्विच येतो तो ग्रे मार्केटमधून, भारतातल्या वॉरंटीशिवाय. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स सीरिज एस 34,990 ला आणला, म्हणजे पंधरा हजारांनी स्वस्त. कागदावर ही चुरशीची स्पर्धा. पण बोईसरच्या चित्रालय भागात मोबाइलच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पोराच्या लेखी या दोन डब्यांत काही लढाईच नाही. त्याच्या खिशात फोन आहे, सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त आहे, आणि बीजीएमआयसारखा मोबाइल गेम फुकट डाउनलोड होतो. खोलीत तिघं-चौघं राहतात, पाळ्या वेगवेगळ्या, टीव्ही असलाच तर सामायिक. एक जण रात्रपाळी करून झोपलेला असताना दुसरा कानात इअरफोन घालून स्क्वॉडबरोबर खेळतो. पावसाळ्यात लाइट गेली तरी फोनचा डाव चालू राहतो. कन्सोल त्याच क्षणी बंद.

यावर कुणी म्हणेल, मग 2021 मध्ये ऑनलाइन विक्री उघडली की काही मिनिटांत साठा संपायचा तो कसा? संपायचा, कारण साठाच थोडा होता आणि देशभरातला पैसेवाला थर एकाच वेळी तुटून पडत होता. त्या थराला पाच-दहा हजार इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. म्हणूनच नोव्हेंबर 2022 मध्ये किंमत 54,990 वर नेणं सोनीला परवडलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याच बोईसर-पालघरात लाखाच्या घरातली बाइक आणि महागडे फोन हप्त्यांवर सर्रास घेतले जातात, तेव्हा ऐपत नाही असं कसं म्हणायचं? ऐपत आहे, पण हप्ता कशाचा फेडायचा याचा घरात हिशेब होतो. बाइक पाळीच्या वेळेला कंपनीच्या गेटवर पोचवते. फोनवर यूपीआय, गावाकडचा व्हिडिओ कॉल, ठेकेदाराचा निरोप असं सगळं चालतं आणि गेम वरकड मिळतो. कन्सोल फक्त खेळायला. शिवाय त्याचा खर्च घेतल्या दिवशी संपत नाही, सोनीचा नवा मोठा गेम 4,999 रुपयांचा. प्लेस्टेशन 2 च्या काळी हे गणित उलटं होतं. तो दहा हजारांच्या खाली उतरला, ‘चिप’ बसवली की पायरेटेड डिस्क चालायच्या, आणि स्मार्टफोन नावाचा प्रतिस्पर्धी अजून घराघरात शिरला नव्हता. नुसती किंमत कमी असल्यानं तो खपला असं म्हणणाऱ्यांनी या बाकीच्या दोन गोष्टीही मोजाव्यात.

तेव्हा कर कमी करा, विक्री वाढेल, ही मागणी मला अपुरी वाटते. सीमाशुल्क पुन्हा 10 टक्क्यांवर आणलं आणि सगळा फायदा गिऱ्हाइकाला दिला, तरी 49,990 च्या डब्यावर फार तर साडेचार हजार वाचतील. त्याचा उपयोग अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीतल्या किंवा ओस्तवाल गृहसंकुलाच्या फ्लॅटमधल्या, आधीच विचारात असलेल्या कुटुंबाला होईल. हेल्परसाठी हिशेब बदलत नाही. वाचलेल्या साडेचार हजारांत सोनीचा एक नवा गेमसुद्धा येत नाही.