दिसला, पाहिला, दाखवला

वाचण्याआधी
• आजी-आजोबांबरोबर तुम्ही शेवटचा पूर्ण दिवस कुठे घालवलात?
• तुम्ही डॉल्फिन कुठे पाहिला आहे? समुद्रात, टाकीत की पडद्यावर?

समजा, तुम्ही दुबईत राहता. आजी-आजोबा पुण्याहून महिनाभरासाठी आले आहेत. शनिवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं ठरतं. तुमची छोटी बहीण ओरडते, "पेंग्विन!" आणि मग ठरतं: अबुधाबीचं सी-वर्ल्ड.

तीन पिढ्या एकाच गाडीत बसतात. पण प्रत्येकाला बघायचं असतं काहीतरी वेगळंच. हा दिवस सगळ्यांना चांगला कसा जाईल, तिथे काय बघाल, आणि मनात एखादा अवघड प्रश्न आला तर तो घरच्यांना मराठीत कसा विचाराल, ते या पाठात वाचूया.

निघण्याआधी

सी-वर्ल्ड अबुधाबीच्या यास बेटावर आहे. दुबईहून गाडीने साधारण एक-सव्वा तास लागतो. हे उद्यान 23 मे 2023 रोजी सुरू झालं. ते जवळजवळ सगळं छताखाली आहे. बाहेर 42 अंश तापमान असलं तरी आत थंडगार असतं. म्हणून उन्हाळ्यातही आजी-आजोबांना नेता येतं.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चालणं खूप होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी व्हीलचेअर मिळेल का, ते आधीच विचारून ठेवा. आजी म्हणेल, "मला काही नको, मी चालते." तेव्हा वाद घालू नका. "आजी, खुर्ची आपण फक्त बरोबर ठेवू," असं म्हणा. दुपारी ती आपोआप बसेल! दुसरी गोष्ट म्हणजे शाल. वाळवंटात शाल कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण पेंग्विन असतात तिथे खरंच हुडहुडी भरते.

भिंतीएवढी खिडकी

उद्यानाचे आठ विभाग आहेत. त्यांपैकी एका विभागात एक प्रचंड टाकी आहे. तिच्यात अडीच कोटी लिटरपेक्षा जास्त पाणी आहे. तिथे शार्क, कासवं, मोठमोठे मांटा रे आणि माशांचे थवेच्या थवे मिळून 68,000 हून अधिक प्राणी राहतात. तुम्ही खाली उभे राहता आणि समोर कित्येक मजले उंच खिडकी असते.

आजोबा काचेवर बोटाने टिचकी मारतील आणि विचारतील, "एवढं पाणी, मग ही काच फुटत कशी नाही?"

तुम्ही त्यांना समजावून सांगू शकता. मोठ्या टाक्यांची अशी खिडकी काचेची नसते. ती अॅक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. पाण्यात जितकं खाली जावं, तितका दाब वाढतो. दर 10 मीटरला आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढत जातो. म्हणून हे अॅक्रिलिक खूप जाड लागतं. जाड काच हिरवट दिसते, पण जाड अॅक्रिलिक मात्र स्वच्छच दिसतं.

आणखी एक गंमत सांगा. सपाट खिडकीतून मासे असतात त्यापेक्षा जवळ दिसतात. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून असं होतं. चार मीटरवरचा शार्क आपल्याला तीन मीटरवर आहे असं वाटतं. छोटी बहीण घाबरून मागे सरकली, तर तिला हसू नका. तिचे डोळे तिला खरंच चुकीचं सांगत असतात.

आजी मुंबईत वाढली असेल, तर तिला इथे मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय आठवेल. ते 1951 साली सुरू झालं. शाळेच्या सहलीत रांगेत उभं राहून छोट्या छोट्या टाक्या बघायच्या, ही मुंबईच्या कितीतरी मुलांची आठवण आहे. तिला विचारा, "आजी, तुमच्या वेळी तिथे काय काय होतं गं?" आणि मग मध्ये बोलू नका. ऐका.

आजीची नथ आणि इथला समुद्र

एक विभाग अबुधाबीच्या स्वतःच्या समुद्राबद्दल आहे. तिथे मोती काढणाऱ्या लोकांची आठवण जपली आहे.

तेल सापडण्याच्या आधी इथली बरीच माणसं मोत्यांवर जगत होती. उन्हाळ्याचे साधारण चार महिने बोटी समुद्रात असायच्या. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधून खाली जायचा आणि एका दमात शिंपले गोळा करायचा. बोटीवरचा जोडीदार त्याला दोराने वर ओढायचा. ऑक्सिजनची नळी वगैरे काही नाही!

हे मोती जायचे कुठे? बरेचसे मुंबईला. तिथे त्यांची पारख व्हायची, त्यांना भोक पाडलं जायचं आणि मग ते पुढे युरोपपर्यंत विकले जायचे. आखाताच्या समुद्रातून येणाऱ्या या मोत्यांना आपल्याकडे नाव पडलं "बसरा मोती". जुन्या मराठी घरांत नथीत हेच मोती असायचे. आजीकडे तिच्या आजीची नथ असेल, तर त्यातला एखादा मोती याच समुद्रातून गेलेला असू शकतो. म्हणजे आपलं आणि या देशाचं नातं नोकरीपासून सुरू झालं नाही. ते खूप जुनं आहे.

1920 आणि 1930 च्या दशकांत जपानचे शेतीचे, म्हणजे माणसांनी वाढवलेले मोती बाजारात आले. त्याच काळात जगभर मंदीही आली. आणि हा धंदा बसला.

वाळवंटातले पेंग्विन

आता छोट्या बहिणीची पाळी. ध्रुवीय विभागाचे दोन भाग आहेत: उत्तरेचा आणि दक्षिणेचा. उत्तरेकडे मोठ्या सुळ्यांचा वॉलरस आहे. दक्षिणेकडे पेंग्विन आहेत. तिला एक कोडं घाला: "वॉलरस आणि पेंग्विन यांची निसर्गात कधी भेट होते का?" उत्तर: कधीच नाही! एक राहतो उत्तर ध्रुवाजवळ, तर दुसरा पृथ्वीच्या दक्षिण भागात.

बाहेर 40 अंश आणि आत बर्फ. यासाठी मोठी यंत्रं दिवसरात्र चालतात. पाणी गाळतात, थंड करतात, पुन्हा सोडतात. वीज किती लागत असेल, असा प्रश्न बाबांच्या मनात येईल. तो प्रश्न योग्यच आहे.

आता डॉल्फिन

इथे थोडं थांबूया. कारण इथे आपल्याला मराठीतली तीन क्रियापदं लागणार आहेत.

मला डॉल्फिन दिसला.
मी डॉल्फिन पाहिला.
त्यांनी मला डॉल्फिन दाखवला.

"दिसला" म्हणजे तो आपणहून समोर आला. मी काही केलं नाही. म्हणून वाक्यात "मी" नाही, "मला" आहे. "पाहिला" म्हणजे मी मुद्दाम बघायला गेलो किंवा गेले. "दाखवला" म्हणजे तिसऱ्याच कोणीतरी ठरवलं की मी तो बघावा.

कोकणात मालवणजवळ तारकर्ली आणि देवबाग इथे लोक पहाटे बोटीने डॉल्फिन बघायला जातात. कधी पाठीवर कुबड असलेला राखाडी डॉल्फिन वर येतो, श्वास घेतो आणि जातो. कधी तासभर फिरूनही काही नाही. परत आल्यावर लोक विचारतात, "दिसला का?" "दाखवला का?" असं कोणी विचारत नाही.

आणि गंमत बघा: याच जातीचे डॉल्फिन अबुधाबीच्या समुद्रातही आहेत. दूरदूरच्या दोन किनाऱ्यांना एकच शेजारी! अबुधाबीच्या पाण्यात समुद्री गाय, म्हणजे डुगाँगसुद्धा आहे. जवळजवळ 3,000 डुगाँग इथे समुद्री गवत खाऊन राहतात. ऑस्ट्रेलियानंतर इतके डुगाँग जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. यास बेटाच्या पुलावरून जाताना ज्या समुद्राकडे आपण नीट बघतही नाही, त्याच समुद्रात हे सगळं आहे.

उद्यानात मात्र डॉल्फिन ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी उडी मारतो. तो आपल्याला दाखवला जातो. हे बरोबर आहे का?

दोन बाजू

भारताने याचं एक उत्तर दिलं आहे. 1998 च्या सुमारास चेन्नईजवळच्या एका उद्यानात परदेशातून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच दगावले. पुढे मे 2013 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नका. डॉल्फिन फार हुशार आणि संवेदनशील असतात, बंदिवासात त्यांचे हाल होतात, असं त्याचं कारण होतं. म्हणून आज भारतात असा खेळ बघायला मिळत नाही. अमीरातीत मिळतो.

दुसरी बाजूही ऐका. यास बेटावर उद्यानाच्या बरोबरीने एक संशोधन आणि बचाव केंद्र आहे. जखमी किंवा आजारी समुद्री प्राण्यांवर उपचार करून त्यांना परत समुद्रात सोडणं हे त्याचं काम. शिवाय, सी-वर्ल्ड कंपनीने 2016 साली ओर्का जातीच्या देवमाशांची पैदास थांबवली. अबुधाबीच्या उद्यानात ओर्का नाहीतच. म्हणजे लोकांनी प्रश्न विचारले की गोष्टी बदलतात.

आणि तिसरी बाजू तुमच्या शेजारीच बसली आहे. आजीला आता हलत्या बोटीत चढता येत नाही. तिला डॉल्फिन जवळून बघायचा असेल, तर तो इथेच. तो पाण्याबाहेर आल्यावर तिने टाळ्या वाजवल्या, तर ती निर्दय नाही. तुम्हाला वाईट वाटलं, तर तुम्हीही चुकीचे नाही.

मग बोलायचं कसं?

परदेशात वाढलेल्या मुलांची इथेच अडचण होते. मनात मत असतं, पण ते मराठीत सांगायला गेलं की उद्धट वाटेल अशी भीती वाटते. मग मुलं इंग्रजीत बोलतात, नाहीतर गप्प बसतात. आजीपर्यंत काहीच पोचत नाही.

ही वाक्यं वापरून बघा:

• "आजी, तुला आवडलं ना? मला मात्र जरा वाईट वाटलं."
• "आजोबा, तुम्हाला काय वाटतं? त्याला कंटाळा येत असेल का?"
• "तुम्ही सगळे बघून या. मी बाहेर थांबते."

लक्ष द्या: पहिल्या वाक्यात आधी तिची आवड विचारली, मग आपलं मत सांगितलं. "मात्र" आणि "जरा" या छोट्या शब्दांनी वाक्य मऊ झालं. "तुझं चुकलं" असं कुठेही म्हटलं नाही. आजीला बहुतेक घरांत "तू" म्हणतात. आजोबांना काही घरांत "तुम्ही", काही घरांत "तू". तुमच्या घरी जे चालतं तेच म्हणा.

आजी कदाचित म्हणेल, "अगं, त्याला किती छान सांभाळलंय!" कदाचित ती गप्प बसेल आणि परतताना गाडीत म्हणेल, "आमच्या लहानपणी वाड्यात एक पिंजऱ्यातला पोपट होता. तो कधी उडालाच नाही." तुम्ही विचारलं नसतं, तर ही गोष्ट तुम्हाला कळलीच नसती.

घरी जाताना पुलावर गाडीचा वेग थोडा कमी करायला सांगा. खिडकीतून समुद्राकडे बघा. बहुतेक काही दिसणार नाही. पण ते तिथे आहेत, हे आता तुम्हाला माहीत आहे. आजीलाही सांगा.

शब्दार्थ
हुडहुडी भरणे: थंडीने अंग थरथरणे
टिचकी: बोटाने हळूच मारलेला फटका
पारख: वस्तू चांगली की वाईट हे ओळखणे
दगावणे: (आजाराने किंवा अपघाताने) मरणे
बंदिवास: कोंडून ठेवलेलं असणं
उद्धट: मोठ्यांचा मान न ठेवता बोलणारा

प्रश्न
1. मोठ्या टाकीची खिडकी काचेची का नसते?
2. "बसरा मोती" हे नाव कोणत्या मोत्यांना पडलं?
3. रिकाम्या जागी "दिसला", "पाहिला" किंवा "दाखवला" लिहा:
अ) काल रस्त्यात मला अचानक मोर ______.
आ) बाबांनी आम्हाला त्यांचा जुना वाडा ______.
इ) मी तो सिनेमा दोनदा ______.

करून बघा
घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारा: "तुम्ही पहिल्यांदा समुद्र कधी पाहिला?" त्यांचं उत्तर पाच वाक्यांत लिहा. नंतर ते त्यांना वाचून दाखवा.